जवळ्याची चव आणि आपल्या किनाऱ्याचा इतिहास

आपल्या धर्मग्रामाच्या ह्या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं स्मरणिकेच्या संपादक मंडळानें आम्हांस कांहीं ऐतिहासिक लेख लिहून देण्याची विनंति केली. देवळाचा पाया केव्हां घातला गेला, घंटा कोठून आली, कोणकोणते धर्मगुरु येथें सेवा करून गेले, हा सर्व वृत्तांत ह्याच अंकांत अन्यत्र अधिकारी लेखकांनीं दिलेला आहे. त्याची पुनरुक्ति करण्याचें प्रयोजन आम्हांस दिसत नाहीं. आम्ही येथें अशा एका वस्तूचा इतिहास सांगूं इच्छितों, कीं जिचें नांव वाचून कित्येक वाचक हंसतील. ती वस्तु म्हणजे जवळा.

बोटाच्या दोन पेरांएवढाहि नसलेला हा जीव. पाण्यांत असतां तो कांचेसारखा पारदर्शक असतो. ओंजळींत घेतला तर केवळ काळ्या डोळ्यांचे ठिपके तेवढे दिसतात. १८३० सालीं मिल्न एडवर्ड्‌स ह्या प्राणिशास्त्रज्ञानें त्यास ‘अॅसेटिस इंडिकस’ असें शास्त्रीय नांव दिलें. परंतु त्याच्यापूर्वी कित्येक पिढ्या आपल्या किनाऱ्यावरील बाया त्यास ओळखीत होत्या, वाळवीत होत्या आणि त्याच्या जोरावर घरें चालवीत होत्या. भारतांत जवळ्याची सर्वांत मोठी पैदास महाराष्ट्र व गुजरात ह्यांच्या किनाऱ्यांवरच होते. अर्नाळ्यापासून उत्तनपर्यंतच्या कोणत्याहि कोळीवाड्यांत उन्हाळ्यांत पाऊल टाकावें, म्हणजे ह्या विधानाची साक्ष डोळ्यांपूर्वीं नाकास पटते.

येथें आम्हांस आमच्या एका प्रमादाची कबुली दिली पाहिजे. आम्ही वसईकडील बागायती वाडींत वाढलों. केळी आणि पानवेली ह्यांच्या सावलींत बाळपण गेलेल्या मनुष्यास वाळत्या जवळ्याचा दर्प सहन होणें कठीण. ह्या धर्मग्रामांत आम्ही आलों त्या पहिल्याच उन्हाळ्यांत देवळाच्या पश्चिमेकडील पटांगणावर जवळा पसरलेला पाहून आम्ही वेदीवरून सूचना केली कीं, हें स्थान पवित्र आहे, वाळवण अन्यत्र करावें. बायांनीं कांहीं एक प्रत्युत्तर केलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं पटांगण रिकामें झालें. त्यानंतर चारपांच दिवसांनीं एक वृद्ध बाई आमच्या निवासाच्या पायरीवर येऊन बसली. तिच्यापुढें टोपलींत काळवंडलेला, कुबट झालेला जवळा होता. तिनें तक्रार केली नाहीं. ती एवढेंच म्हणाली, “फादर, जवळा घरांत वाळत नाहीं.”

हें एकच वाक्य आम्हांस पुष्कळ दिवस पुरलें. त्याचा अर्थ समजून घेण्यासाठीं आम्ही जें पाहिलें, विचारलें व वाचलें, त्याचें सार पुढें देतों.

आपल्या किनाऱ्यावरील मुख्य जाळें म्हणजे डोल. ही एक लांबच लांब पिशवीच होय. मुखाशीं ऐसपैस आणि शेवटाकडे निमुळती होत गेलेली. मुखाजवळ विणीचीं छिद्रें मोठीं असतात आणि शेवटच्या खोल्यांत इतकीं बारीक असतात, कीं जवळाहि निसटूं नये. खाड्यांतून ह्याच जातीचें लहान जाळें लावितात, त्यास बोक्शी म्हणतात. हीं जाळीं मासळीच्या मागें धांवत नाहींत. समुद्रतळांत रोवलेल्या खुंटांस किंवा नांगरांस तीं बांधून ठेवावयाचीं, आणि भरती-ओहोटीच्या ओढीनें जें येईल तें घ्यावयाचें. पाणी थांबलें कीं खोला उचलून होडींत रिता करावयाचा, आणि पाणी उलट फिरलें कीं जाळ्याचें तोंडहि फिरतें. पूर्वी हीं जाळीं तागाच्या व सुताच्या दोऱ्यांचीं असत. तीं कुजूं नयेत म्हणून झाडांच्या सालींच्या काढ्यांत बुडवून रंगवीत. आतां नायलॉन व तत्सम धाग्यांनीं ती मेहनत वांचविली आहे. परंतु ओढीची सत्ता मात्र पूर्वीप्रमाणेंच अबाधित आहे.

ही ओढ चंद्राच्या आज्ञेंत चालते. अमावास्या व पौर्णिमा ह्यांच्या सुमारास उधाण येतें, पाणी जोरानें वाहतें आणि डोल भरते; अष्टमीच्या सुमारास भांग पडतो, पाणी मंदावतें आणि जाळें रितें राहतें. म्हणून आपल्या घरांत देवळाच्या कॅलेंडराशेजारीं तिथींचें पंचांगहि टांगलेलें असतें. नव्या धर्मगुरूस ह्याचें आश्चर्य वाटतें. कांहीं रविवारीं मिस्साला पुरुष कमी कां असतात, ह्याचें उत्तर त्या पंचांगांत आहे, हें आम्हांस दुसऱ्या वर्षीं कळलें.

त्याच वेळीं आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. ती सेमिनरींत आम्हांस कोणीं शिकविली नव्हती. ख्रिस्तसभेच्या नियमाप्रमाणें पास्काचा सण २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेच्या पुढील रविवारीं येतो. अर्थात् उत्तम शुक्रवार हा बहुधा पौर्णिमेच्या आगेंमागेंच, म्हणजे ऐन उधाणांत पडतो. कॅथलिकांस शुक्रवारीं मांस वर्ज्य असे. जगभर एकसारखा चालणारा तो नियम १९६६ सालीं संत पापा सहावे पॉल ह्यांनीं शिथिल केला. ज्याचें नित्याचें अन्नच मासळी, त्यास मांस सोडण्यांत कसलें प्रायश्चित्त? असा प्रश्न बाहेरचे लोक थट्टेनें करितात. त्यांस उत्तर असें, कीं हंगामाच्या भर उधाणांत, डोल भरण्याची खात्री असतां, आपला कोळी उत्तम शुक्रवारीं होडी सोडीत नाहीं. उपवास म्हणावा तो हा. ताटांतील पदार्थ त्यागण्याहून समुद्रांतील घांस त्यागणें कठीण आहे.

आतां चवीविषयीं. आपली कोळंबी व जवळा गोड लागतो, परगांवचा लागत नाहीं, असें आपण नेहमीं म्हणतों. हा केवळ गांवाचा अभिमान असावा अशी आमची समजूत होती. परंतु रसायनशास्त्र आपल्या बाजूस आहे. कोळंबीच्या मांसांत ग्लायसीन नांवाचें अमिनो आम्ल मोकळ्या स्वरूपांत असतें. तिची गोडी मुख्यतः त्याचीच. खाऱ्या पाण्यांत राहणाऱ्या ह्या जीवास बाहेरील मिठाशीं तोल राखण्यासाठीं अशीं आम्लें अंगांत सांठवावीं लागतात. पाणी जितकें खारें तितका सांठा अधिक. म्हणून गोड्या पाण्यांतली कोळंबी फिकी व समुद्रांतली गोड. ह्याशिवाय जिला आपण ‘दर्याची चव’ म्हणतों, ती ब्रोमोफिनॉल नांवाच्या द्रव्यांनीं येते. हीं द्रव्यें समुद्रांतील शेवाळांत व चिखलांतील किड्यांत असतात आणि त्यांवर उपजीविका करणाऱ्या जीवांच्या अंगीं उतरतात. अर्थात् जो चिखल आपण पायांस लागूं नये म्हणून टाळतों, तोच आपल्या ताटांत चव होऊन येतो.

ही चव मात्र क्षणभंगुर आहे. ह्या जीवांच्या डोक्यांतील पाचक रस मरणानंतर लगेच आपल्याच देहास विरघळवूं लागतात. मोठ्या कोळंबीचें डोकें काढून ती बर्फांत ठेवितां येते. जवळ्याच्या लक्षावधि इवल्या देहांचें तसें करणें शक्य नाहीं. त्यास दोनच मार्ग: त्याच दिवशीं चुलीवर, अथवा त्याच दिवशीं उन्हांत. होडी लागली कीं बायांनीं टोपल्या उचलाव्या, निवडून केरकचरा व इतर मासळी वेगळी करावी, आणि खळ्यावर पातळ थर पसरावा. थर जाड झाला तर खालचा भाग कुजतो. ढवळण्यास उशीर झाला तर गोळे होतात. ऊन कडक व समुद्राकडील वारा मोकळा असेल तर एकदोन दिवसांत माल तयार होतो. “जवळा घरांत वाळत नाहीं” ह्या वाक्याचा अर्थ हा. आमच्या सूचनेनें केवळ एक पटांगण स्वच्छ झालें नव्हतें. त्या आठवड्याचें उधाण आम्ही कुजविलें होतें. पुढील रविवारीं आम्ही वेदीवरून आपली सूचना मागें घेतली.

दर्पाची तक्रार करणारे आम्ही पहिलेच नव्हे, हें पुढें जुनीं पुस्तकें चाळतांना कळून थोडें समाधान झालें व अधिक लाज वाटली. जॉन फ्रायर नांवाच्या इंग्रज वैद्यानें १६७० नंतरच्या दशकांत मुंबई पाहिली. त्याचें प्रवासवर्णन १६९८ सालीं प्रसिद्ध झालें. माडांच्या मुळाशीं मासळीचें खत घालण्याच्या येथील चालीमुळें हवा बिघडते, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. त्या हवेंत श्वास घेणाऱ्या माणसांविषयीं त्यास फारसें सांगावयाचें नव्हतें. दोनशें वर्षांनीं, १८८२ सालीं, ठाणें जिल्ह्याचें गॅझेटियर निघालें, आणि त्यांत मात्र कोळ्यांची व त्यांच्या मासेमारीची व्यवस्थित माहिती आली. एकानें वास लिहिला, दुसऱ्यानें धंदा लिहिला. चव कोणींच लिहिली नाहीं.

चवीच्या इतिहासांत आपल्या धर्माचा इतिहासहि मिसळलेला आहे. १५३४ सालीं गुजरातच्या बहादूरशहानें वसईचा मुलूख पोर्तुगीजांस दिला, आणि १७३९ सालीं चिमाजी आप्पानें तो जिंकून घेतला. ह्या दोनशें पांच वर्षांत मठ उठले, तट बांधले गेले, येथील अनेक घराणीं ख्रिस्ती झालीं. पराभवानंतर पोर्तुगीज सरदार आपल्या मालमत्तेसह निघून गेले; कोळी मात्र जाळें टाकून कोठें जाणार? तो येथेंच राहिला, आणि प्रार्थनाहि येथेंच राहिल्या. त्या काळाची दुसरी खूण आपल्या पाट्यावर आहे. जी मिरची नसेल तर आपल्या बायांस जवळ्याची चटणी वाटतांच येणार नाहीं, ती मूळची अमेरिकेंतील. सोळाव्या शतकांत ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून ह्या किनाऱ्यावर उतरली. त्यापूर्वी आपल्या पूर्वजांच्या कालवणांत तिखटपणा होता तो मिऱ्यांचा. आमसूल मात्र सह्याद्रीचें, नारळ दाराशींचा, मीठ आपल्या मिठागरांचें आणि तांदूळ खारजमिनींतला. कांदा व आमसूल घालून परतलेला सुका जवळा आणि तांदळाची भाकरी हें जें गरिबाचें जेवण, त्यांत दोन गोलार्ध एकत्र बसलेले आहेत.

आणखी एका जुन्या निर्बंधाची आठवण येथें अप्रस्तुत होणार नाहीं. लेवीयाच्या ग्रंथाच्या ११ व्या अध्यायांत ज्या जलचरांस पंख व खवले नाहींत ते अमंगल ठरविले आहेत. ह्या न्यायानें जवळा, कोळंबी, चिंबोरी हीं सर्व निषिद्ध. गालीलच्या सरोवरावर जाळें ओढणाऱ्या पेत्रानें असले जीव निवडून टाकून दिले असतील. परंतु पुढें याफा नगरांत, समुद्रकांठच्या एका घराच्या धाब्यावर प्रार्थना करीत असतां, त्याच पेत्रास दृष्टांत झाला आणि देवानें जें शुद्ध केलें तें अशुद्ध मानूं नये अशी आज्ञा मिळाली. प्रेषितांच्या कृत्यांतील तो दहावा अध्याय आम्ही सेमिनरींत परराष्ट्रीयांच्या प्रवेशाची कथा म्हणून शिकलों. तो तसा आहेच. परंतु पेत्राला आपला आश्रयदाता मानणाऱ्या कोळ्यांमध्यें राहून तो वाचतांना, आमच्या त्या पहिल्या उन्हाळ्यांतील सूचनेचें उत्तरहि आम्हांस त्यांत सांपडलें.

गेल्या सत्तर वर्षांत ह्या धंद्याची स्थिति पालटली. १९५० नंतर होड्यांस यंत्रें बसूं लागलीं. १९५३ सालीं कोचीनहून गोठविलेली कोळंबी प्रथम अमेरिकेस रवाना झाली, आणि तेव्हांपासून मोठ्या कोळंबीस सोन्याचा भाव आला. तिच्यासाठीं तळ खरडणारे ट्रॉलर वाढले. मोठी कोळंबी कारखान्यांत व जहाजांत गेली. जवळा गरिबांकडे राहिला. त्यांतील हलका माल तर कोंबड्यांच्या खाद्यांत जातो. तरीहि आगोटीच्या सुमारास, पावसाळ्याची बेगमी करण्याच्या दिवसांत, आपल्या बाया पाटी घेऊन शेतकऱ्यांच्या वाड्यांत जात, आणि सुक्या मासळीच्या बदलीं भात, भाजी व वाल घेऊन येत. आमच्या बाळपणीं आमच्या दारीं येणाऱ्या अशा एका कोळिणीस आमची आई ‘बाय’ म्हणून ओट्यावर बसवून पाणी देत असे. भर पावसांत चूल पेटण्याची मारामार असतांना वांग्यांत टाकलेल्या त्या मूठभर जवळ्यानें घर भरून जाई. म्हणजे ज्याच्या वासाची आम्ही पुढें तक्रार केली, तो आम्ही लहानपणीं आवडीनें खाल्ला होता. वाळतांना तो कसा असतो तें मात्र आम्हीं कधीं पाहिलें नव्हतें. मनुष्यास चव हवी असते, खळें शेजारीं नको असतें.

आज संकटें अनेक दिशांनीं येत आहेत. मोठ्या कोळंबीचीं पिल्लें समुद्रांत जन्मतात, परंतु खाडीच्या आश्रयास येऊन वाढतात. खाडीकांठचें तिवराचें रान हें त्यांचें पाळणाघर होय. भराव घालून तें बुजविलें, तर समुद्रांत कितीहि जाळीं टाकलीं तरी काय उपयोग? २००५ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें तिवरांच्या तोडीस मनाई केली, ही समाधानाची गोष्ट; परंतु शहरांचें सांडपाणी व प्लॅस्टिक ह्यांस ती मनाई वाचतां येत नाहीं. डोलीच्या खोल्यांतून आतां जवळ्याबरोबर पिशव्याहि निवडाव्या लागतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीस बंदी असते, तीहि मासळीच्या विणीसाठीं हितकर आहे. परंतु वादळें बंदीची वाट पाहत नाहींत. १७ मे २०२१ रोजीं ‘तौक्ते’ चक्रीवादळ ह्या किनाऱ्याजवळून गेलें, तें ऐन वाळवणाच्या दिवसांत. जवळ्यास जें शेवटचें कडक ऊन मिळावयाचें, त्याच उन्हांवर अवेळीं ढग येऊं लागले आहेत.

ह्या सर्वांवर एका धर्मग्रामाचा काय इलाज चालणार? समुद्र आपल्या हातीं नाहीं, ऋतु आपल्या हातीं नाहींत. परंतु एक गोष्ट आपल्या हातीं आहे, आणि ती सांगण्यासाठींच हा लेख लिहिला.

ज्युबिलीचें स्मारक म्हणून देवळाच्या पश्चिमेकडील पटांगणावर सभागृह बांधावें व उरलेल्या जागेंत मोटारगाड्या उभ्या करण्याची सोय करावी, अशी एक योजना पुढें आलेली आहे. ती सद्धेतूनेंच आलेली आहे. लग्नकार्यास जागा अपुरी पडते हें आम्हीहि पाहतों. निर्णय धर्मग्राम परिषदेनें सर्वांच्या विचारानें करावयाचा आहे. आम्ही आमचें मत येथें स्पष्टपणें नोंदवितों: सभागृह लहान व्हावें, तें पूर्वेच्या बाजूस व्हावें, आणि पश्चिमेचें खळें जसें आहे तसें मोकळें राहावें. गांवांत वाऱ्याच्या तोंडाशीं एवढी सपाट जागा दुसरी उरलेली नाहीं. तेथें वाळूचे कण मालांत जाऊं नयेत म्हणून हवें तर स्वच्छ ओटा बांधून द्यावा. असें झालें तर त्याहून चांगलें स्मारक आम्हांस सुचत नाहीं.

आमच्याजवळ धर्मग्रामाच्या जुन्या वह्या आहेत. त्यांत बाप्तिस्मे आहेत, विवाह आहेत, मृत्यु आहेत. जन्म, लग्न आणि मरण ह्यांच्या मध्यें जें आयुष्य गेलें, त्याची नोंद त्या वह्यांत नाहीं. ती ह्या खळ्यावर आहे. ज्यांनीं भर दुपारीं पाठीवर ऊन घेऊन जवळा ढवळला आणि त्याच पैशांतून देवळाच्या दानपेटींत नाणें टाकलें, त्या बायांचीं नांवें कोनशिलेवर कोरलेलीं नाहींत. निदान त्यांच्या नातींस उभें राहण्यास जागा असावी.

ती वृद्ध बाई आतां देवाघरीं गेली आहे. आमची सूचना मागें घेतल्यावर त्याच उन्हाळ्यांत तिनें आम्हांस कागदाच्या पुडींत नवा वाळलेला जवळा आणून दिला. तो स्वच्छ होता, गुलाबी होता, आणि त्यास जो वास येत होता त्याला आम्ही पुनः कधीं दर्प म्हटलें नाहीं. तो कसा भाजावा हेंहि तिनें सांगितलें: तवा कोरडा असावा, आंच मंद असावी, आणि हात थांबूं नये.

ज्या प्रभूनें पुनरुत्थानानंतर तिबेर्य सरोवराच्या कांठीं कोळशाच्या विस्तवावर आपल्या शिष्यांसाठीं मासळी भाजली, तो आपल्या होड्यांस सुखरूप किनाऱ्यास आणो, आपल्या खळ्यांवर ऊन पाडो, आणि येत्या ज्युबिलीस जे कोणी ह्या धर्मग्रामांत असतील, त्यांच्याहि ताटांत ही चव राखो. आमेन.